पट्टी उतरवणारे मास्तर

अख्ख्या अंबरनाथनं मास्तरांची पाठ पाहिली होती, तोंड मात्र फार थोड्यांनी. संगीत नाटकातला ऑर्गनवाला रंगमंचाच्या पुढ्यात खाली बसतो, नटांकडे तोंड करून आणि प्रेक्षकांकडे पाठ करून. त्यामुळे पांढरा सदरा, कॉलरवर रुळणारे केस आणि डाव्या खांद्याकडे कललेली मान, एवढीच मास्तरांची गावाला ओळख. एकदा भाजीबाजारात एक बाई त्यांच्या समोरून सरळ निघून गेल्या, पुढं जाऊन सहज मागं वळल्या आणि त्यांची पाठ दिसल्यावर म्हणाल्या, "अगं बाई, हे तर आपले ऑर्गनवाले!" आमच्याकडे हे सांगताना मास्तर म्हणाले होते, "उद्यापासून बाजारात उलटाच चालत जातो. कोथिंबीर तरी फुकट मिळेल."

मी मात्र त्यांचा चेहरा वर्षानुवर्षं बघितला, कारण मी प्रॉम्प्टर होते. माझे वडील, अण्णा, आमच्या नाट्यमंडळाचे मुख्य गायक नट. मंडळ म्हणजे काय, तर कारखान्यातले कामगार, दोन-चार कारकून, एक पोस्टमन आणि जिला गाता येत नाही म्हणून जिच्या हातात नाटकाची वही दिली ती मी. विंगेत स्टुलावर बसून मी वाक्यं पुरवायची आणि समोर खाली मास्तर बसलेले असायचे. नट वाक्य विसरला की आम्ही दोघंच एकमेकांकडे बघायचो. मास्तर मला "प्रॉम्प्टरीणबाई" म्हणायचे. मी तेव्हा विशीतली, मला त्या नावाचा भयंकर राग यायचा. आता असं कुणी म्हणणारं उरलं नाही, त्याचा जास्त राग येतो.

मास्तर गेल्या महिन्यात गेले. कुठल्याही पेपरात ओळ आली नाही, कुणी शोकसभा घेतली नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर सुद्धा कुणी हात जोडलेलं चित्र टाकलं नाही. हल्ली कुणाच्या सासूच्या मावशीसाठीही ते टाकतात. मला ते सहन होईना, म्हणून हे लिहायला बसले. माझ्याशिवाय लिहिणार तरी कोण?

ज्यांनी संगीत नाटकं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमचा ऑर्गन म्हणजे पायपेटी. टेबलाएवढं लाकडी धूड, खाली दोन पायपट्ट्या. त्या पायांनी आळीपाळीनं दाबत राहायच्या म्हणजे भात्यात हवा भरते आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे राहतात. मास्तर बसण्याआधी चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवायचे. सबंध तीन अंक त्यांचे पाय अनवाणी चालत असायचे, आणि वर हात बघावेत तर इतके स्वस्थ की हा माणूस काही करतोय असं वाटू नये. उजव्या हाताची तान तेवढी पाण्यासारखी पळायची. अण्णांनी एक हरकत घ्यावी आणि ती संपायच्या आत मास्तरांच्या बोटांतून तश्शी परत यावी, म्हणजे गाणारा एक आणि गळे दोन असं व्हायचं. लोक अण्णांना वन्स मोअर द्यायचे. अर्धा वन्स मोअर मास्तरांचा असायचा, पण पाठीला कोण देतो?

पोटासाठी मास्तर एका केमिकल कंपनीत टाइमकीपर होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. मुंबईचे एक नावाजलेले गवई एकदा आमच्या प्रयोगाला पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी पडदा पडल्यावर अण्णांना दोन शब्दांत वाटेला लावलं आणि मास्तरांपाशी जाऊन उभे राहिले. इथं काय करता, माझ्याबरोबर चला, असं सरळ म्हणाले. मास्तर म्हणाले, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे. आम्ही सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मी नंतर त्यांना फाडफाड बोलले, की असा चान्स कुणी सोडतं का. ते म्हणाले, "त्यांना माझी गरज नाही गं. त्यांचा गळा शाबूत आहे." हे काय उत्तर झालं, मला कळेना. कळायला दुसऱ्या एका प्रयोगाची वाट पाहावी लागली.

मास्तरांचं एक म्हणणं होतं की गाणाऱ्याला आधी बोलताना ऐकावं. पद सुरू होण्यापूर्वी नटाची चार-दोन गद्य वाक्यं असतात. ती चालू असताना ऑर्गनवाला हळूच सूर धरतो, तो कानात घेऊन नट गायला लागतो. तो सूर कुठला, ते ज्याच्या त्याच्या गळ्यावर ठरलेलं. त्याला पट्टी म्हणतात. अण्णांची पट्टी काळी दोन. ऑर्गनवरची ती काळी पट्टी म्हणजे आमच्या घराण्याची पाटी असल्यासारखे अण्णा तिचं नाव घ्यायचे. पन्नाशीनंतर भल्याभल्यांचे आवाज उतरतात, पण आपण अजून काळी दोनमध्ये गातो, हे पाहुण्यांना चहाबरोबर ऐकावंच लागे.

मी विंगेतून एक गोष्ट बघायची. अण्णांची गद्य वाक्यं चालू असताना मास्तर डोळे मिटून ऐकायचे, आणि एखाद्या दिवशी त्यांची मान डाव्या खांद्याकडे नेहमीपेक्षा थोडी जास्त झुकायची. ती झुकली की आमचा तबलजी गणू मांडीपुढचा तबला सरकवायचा आणि शेजारचा दुसरा घ्यायचा. मला वाटायचं, कातडं सैल पडलं असेल. खरं काय ते पुढं एका प्रयोगात उघडं पडलं, आणि मग गणूनंच सगळं सांगितलं. अण्णांच्या बोलण्यात गळा दमलेला ऐकू आला की मास्तर पट्टी उतरवायचे. काळी दोनऐवजी पांढरी दोन, पुढं पुढं तर काळी एक. तबला त्या सुरात हवा, म्हणून गणू दोन-तीन तबले लावून ठेवायचा. अण्णांना पत्ता नाही. मिळालेल्या सुरावर गळा मोकळा फिरायचा, टाळ्या पडायच्या, आणि घरी येऊन अण्णा म्हणायचे, आज काळी दोन काय लागली होती! मास्तर समोर बसून चहा पीत असायचे. ते म्हणायचे, गाणं सुंदर झालं.

याला कुणी फसवणूक म्हणेल. म्हणोत. ज्यांनी कुणासाठी कधी काही झाकलं नाही, त्यांनी म्हणावं.

मग तो गणपतीतला प्रयोग आला. गणूला कावीळ झाली आणि कल्याणहून पाहुणा तबलजी बोलावला. अण्णांनी त्याला स्वतः बजावलं, काळी दोन. त्यानं बिचाऱ्यानं एकच तबला आणला, तोही त्या सुरात चढवून. पहिल्या अंकात मास्तरांची मान झुकली. पाहुण्याला त्या मानेचा अर्थ कुठून कळणार? सूर भलताच आला तसा तो गडबडला, हातोडी घेऊन भर प्रवेशात ठोकाठोक करत बसला. अंक संपल्यावर चहा पिताना तो सगळ्यांदेखत मास्तरांवर उखडला. तुम्हाला काळी एकच द्यायची होती तर आधी सांगायचं होतं, माझी लोकांत शोभा कशाला केलीत, म्हणाला.

रंगपटात अण्णा अर्ध्या मिशा लावून आरशासमोर बसले होते. त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

मास्तरांना ऑर्गनवर खोटं बोलता यायचं, तोंडानं नाही. ते बशीतल्या चहाकडे बघत राहिले. अण्णांनी उरलेली मिशी लावली आणि म्हणाले, "दुसऱ्या अंकात काळी दोन द्यायची. नाहीतर उठून जायचं."

मास्तरांनी काळी दोन दिली. मी त्यांचा चेहरा बघत होते. दुसऱ्या अंकातलं पद अवघड, वरच्या सुरावर जाऊन तिथंच फिरत राहायचं. अण्णा वर गेले आणि गळा फाटला. दुसऱ्यांदा गेले, पुन्हा तेच. मागून एक शिट्टी आली, मग हसणं आलं. अण्णांनी पद तिथंच सोडलं आणि पुढचा सगळा अंक नुसता बोलून पार पाडला. राजाचे कपडे अंगावर असताना माझा बाप इतका लहान दिसला की मी वहीत तोंड घातलं. पडदा पडल्यावर ते मास्तरांना एवढंच म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही मला माझ्या गळ्याबद्दल खोटं सांगितलंत." मास्तरांनी चपला पायात सरकवल्या आणि गेले. त्यानंतर अण्णा कधी गायले नाहीत, न्हाणीघरात सुद्धा नाही. मंडळ दोन वर्षं कुंथत चाललं आणि बंद पडलं. ऑर्गनचा भाता उंदरांनी खाल्ला.

मास्तरांची कंपनी त्याच सुमारास बंद झाली, एवढं आमच्या कानावर आलं होतं. पुढं काही नाही. घरात त्यांचं नाव निघायचं नाही. आई होती तोवर ती कधी पोहे करताना म्हणायची, मास्तरांना आवडायचे हो. अण्णा पान उलटल्यासारखे दुसरीकडे बघायचे.

आता अण्णा पंचाऐंशीच्या पुढं आहेत. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. आई गेली. माझी नोकरी संपली, लग्न मी केलं नाही, तेव्हा आम्ही दोघंच. दिवसभर रेडिओ आणि माझी बडबड. गेल्या दिवाळीनंतर एका दुपारी त्यांनी रेडिओ बंद करायला लावला आणि विचारलं, "छबू, मास्तर वाजवत असेल का गं अजून?"

मी म्हटलं, तीस वर्षांनी बरी आठवण झाली. म्हाताऱ्या माणसाला असं बोलू नये, पण मी बोलते. अण्णा चिडले नाहीत. म्हणाले, "माझं गाणं गेलं ते माझ्या गळ्यानं गेलं. पण माझ्या त्या बोलण्यानं त्यानं हात आखडता घेतला असेल तर मला मरण जड जाईल. वाजवतो का, एवढं बघून ये." त्यानंतर रोज तेच. जेवायला वाढलं की, "गेलीस का?" मग मी निघाले.

गणूनं आता स्टेशनजवळ मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकलंय. तबल्याच्या बोटांनी तो काचेवर ते पातळ प्लास्टिक चिकटवत होता. त्यानं सांगितलं, की एकदा लाउडस्पीकर लावायला तो उल्हासनगरच्या कॅम्प एक या वस्तीत सिंध्यांच्या सत्संगाला गेला होता, तिथं त्याला मास्तर पेटी वाजवताना दिसले. बोललास का, विचारलं, तर म्हणतो, कसा बोलणार ताई, त्या दिवशी मला कावीळ झाली नसती तर पुढचं काही झालंच नसतं. अरे, कावीळ काय तुला विचारून आली होती? पण माणसं असं काहीतरी घेऊन जगतात.

कॅम्प एकच्या त्या गल्ल्यांत मी दोनदा चुकले. शेवटी पापडवाल्यानं सत्संगाचं घर दाखवलं. तिथल्या म्हाताऱ्या दादींनी आधी मला प्रसाद खायला लावला, मग बोलू दिलं. "वाजेवाले मास्तर? अरे वो तो हमारे ही थे," म्हणाल्या. पेटीला त्या वाजो म्हणत होत्या. मास्तर दर रविवारी सकाळी यायचे. सिंधीचा एक शब्द त्यांना कळत नव्हता, पण भजन दुसऱ्यांदा गाईपर्यंत चाल त्यांच्या हातात बसलेली असायची. दादींचे यजमान दम्याचे पेशंट, तरी त्यांना गायची हौस. दादी म्हणाल्या, "उसके साथ गाओ ना, तो लगता था अपना भी गला अच्छा है." अंबरनाथ सोडलं तरी मास्तरांनी सवय सोडली नव्हती. आणि वाजवणंही सोडलं नव्हतं, म्हणजे अण्णांना सांगायला चांगली बातमी मिळाली, असं मी समजले. मग दादी म्हणाल्या, "फिर काम पे हाथ में कुछ लगा. बोला, ठीक होगा तो आऊंगा. आया ही नहीं." बदलापूरच्या पुढं, बारवी धरणाच्या रस्त्याला एका पाड्यावर त्यांची भाची राहते, तिकडे ते गेले होते, एवढं दादींना माहीत होतं. मी उठताना त्या म्हणाल्या, मिळाला तर सांग, वाजो कपड्यात बांधून ठेवलाय.

त्या पाड्यावर मास्तर वाजवतात हे कुणालाच माहीत नव्हतं. सुलभाचे मामा म्हटल्यावर लगेच घर दाखवलं. भात झोडून झालं होतं, अंगणात पेंढ्याचा ढीग होता. सुलभानं मला न्याहाळलं आणि म्हणाली, "मामा बसल्यात पडवीत. कुठून आलाव तुमी?" मी अंबरनाथ म्हटलं तशी पडवीतून आवाज आला, "प्रॉम्प्टरीणबाई का?"

मास्तर खुर्चीत बसले होते. केस पार गेलेले, मान अजून डावीकडे. मांडीवर पंचा आणि त्याखाली उजवा हात. त्यांनी पाण्याचा तांब्या डाव्या हातानं पुढं केला. मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, अण्णा गातात का. मी खरं ते सांगितलं, त्या दिवसानंतर नाही. मग मी म्हटलं, अण्णांनी विचारलंय, तुम्ही वाजवता का.

त्यांनी पंचा बाजूला केला. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं आणि मधलं, दोन्ही बोटं मुळापासून नव्हती.

कंपनी बंद पडल्यावर त्यांना पन्नाशीत कोण काम देणार? उल्हासनगरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये पत्रा कापायच्या प्रेसवर लागले. हे सांगताना त्यांचा आवाज अगदी साधा होता, दुसऱ्या कुणाची हकिगत सांगावी तसा. "ती मशीन लयीत पडायची गं. धाड, धाड. मी मनात त्यावर चाली बसवायचो, दिवस जायचा. सात वर्षं एका लयीत पडली. त्या दिवशी एक ठोका जादा दिला."

रडायला येत होतं आणि रागही येत होता, कुणाचा ते कळत नव्हतं. कंपनीचा, त्या मशीनचा, अण्णांचा, त्या शिट्टी मारणाऱ्याचा. मुंबईचा गवई दारात उभा असताना फर्स्ट शिफ्ट आहे म्हणणाऱ्या या माणसाचा तर सगळ्यात जास्त. मास्तर म्हणाले, "अण्णांना सांग, रोज वाजवतो."

मी म्हटलं, खोटं सांगू?

"त्यांच्यासाठी खरं कधी वाजवलंय मी," ते म्हणाले, आणि चक्क हसले.

घरी येऊन मी सांगितलं. सापडले, बदलापूरला भाचीकडे असतात, मजेत आहेत, रोज वाजवतात. अण्णांचा चेहरा असा उजळला की खोटं बोलल्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले. सकाळी उठून बघते तर अंगात इस्त्रीचा सदरा, हातात काठी, आणि म्हणतात, "मला ने. एकदा ऐकायचंय."

आता आली का पंचाईत! आज रिक्षा बंद आहेत, उद्या माझे गुडघे दुखतात, परवा मास्तर गावाला गेलेत, असं मी आठवडाभर रेटलं. अण्णा सदरा घालून बसायचे आणि संध्याकाळी काढून ठेवायचे. शेवटी मी सुलभाला फोन लावला आणि रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. तिनं फोन मामांना दिला. मास्तर म्हणाले, "आण त्यांना. मला थोडे दिवस दे, आणि हाताचं बोलू नकोस." नंतर सुलभा सांगत होती की त्यांनी देवळातल्या भजनी मंडळाची पेटी आणवली आणि दिवस दिवस तिच्यापुढं बसून राहिले. ही पेटी हाताच्या भात्याची. म्हणून भाता सुलभानं मारायचा आणि मामांनी दोन्ही हात वर ठेवायचे. ती म्हणाली, "स्वयंपाक राहातंय बाई माझा, पन काय बोलायचा मानसाला."

गाडी करून आम्ही गेलो. रस्त्यात अण्णा विचारत होते, आता काय दिसतंय, शेतं आली का. बदलापूर मागं पडेपर्यंत मी नुसत्या इमारतीच सांगत होते. पडवीत मी त्यांना खुर्चीत बसवलं. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, त्यातला अण्णांचा तेवढा समोरच्याला दिसला. बरं आहे ना, बरं आहे, भात कसं झालं, यंदा बरं झालं. त्या प्रयोगाचं कुणी नाव काढलं नाही. सुलभानं गवती चहाचा कप अण्णांच्या हातात दिला आणि जाऊन भात्यापाशी बसली. मास्तरांनी विचारलं, काय ऐकवू.

अण्णा म्हणाले, "दुसऱ्या अंकातलं."

तेच पद, ज्यात गळा फाटला होता, आणि ज्यात मास्तरांची उजव्या हाताची तान सगळ्यात जास्त पळायची. मास्तर हळू आवाजात म्हणाले, "पट्टी कुठली घेऊ, अण्णा?"

"तुम्हाला सोयीची असेल ती घ्या," अण्णा म्हणाले.

मास्तरांनी वाजवायला घेतलं. चाल डाव्या हातानं चालली होती, उजव्याचा अंगठा आणि उरलेली दोन बोटं मागं सूर धरत होती. सुरुवात इतकी गोड झाली की मला वाटलं, निभावलं. पण तानेची जागा आली की हात निघायचा आणि अर्ध्यात थांबायचा, आणि तिथं मास्तर एक लांब सूर ठेवून द्यायचे, मुद्दाम ठेवल्यासारखा. वरच्या जागी तर तीनदा तसं झालं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी अण्णांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते, तरी बघितलंच. ते गुडघ्यावर बोटानं ताल धरून बसले होते आणि तो ताल कुठंही चुकला नाही.

पद संपलं. सुलभानं भाता सोडला. अण्णा म्हणाले, "हात तसाच आहे हो, मास्तर."

अण्णांनी दोन्ही हात पुढं केले, द्या म्हणून. मास्तरांनी डावा हात त्यांत दिला. अण्णांनी तो धरून ठेवला आणि म्हणाले, आता सोडू नका, रोज वाजवत जा. मास्तर हो म्हणाले. अंगणाच्या टोकापर्यंत ते आम्हाला पोचवायला आले. त्यांना पाहिलं ते तेच शेवटचं.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकत होते, की म्हाताऱ्याला काही कळलं नाही, देवानं लाज राखली. तेवढ्यात त्यांनी माझा हात चाचपून धरला.

"छबू, बोटं किती गेली त्याची?"

मी म्हटलं, दोन.

"उजव्याची ना?" अण्णांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. मग म्हणाले, "मला कळलं, हे त्याला कळू देऊ नकोस."